जोडताऱ्याचा कोन दर रात्री वेगळा का येतो?

पावसाळा उघडला की आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "भाऊ, अंतर जुळतंय, पण कोन जुळत नाही." हंसातला अल्बिरिओ आज 54 अंश, चार दिवसांनी 58, आणि मित्राच्या दुर्बिणीतून थेट 126. तारा तोच, कॅमेरा तोच, गच्चीही तीच. मग कुणी हवेला दोष देतं, कुणी सॉफ्टवेअर बदलून बघतं. अल्बिरिओच्या दोन ताऱ्यांत 34-35 आर्कसेकंदांचं अंतर आहे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). एवढ्या लांबच्या जोडीत हवेमुळे चार अंशांचा फरक पडत नाही. दोष जवळजवळ नेहमी एकाच जागी असतो: चित्रात उत्तर दिशा कुठे आहे हे आपण धरून चाललेलो असतो, मोजलेलं नसतं.

अंतराला फक्त स्केल लागतं. एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद बसतात ते कळलं की झालं, आणि कॅमेरा कसाही फिरवला तरी तो आकडा बदलत नाही. कोनाचं तसं नाही. मुख्य ताऱ्यापासून उत्तरेकडे रेघ काढायची आणि तिथून पूर्वेच्या बाजूने फिरत सहचरापर्यंत किती अंश होतात ते मोजायचं, हा पोझिशन अँगल. यातली उत्तर आकाशातली आहे, चित्राची वरची कड नव्हे. फोकसरमध्ये कॅमेरा दोन अंश वळला की कोन दोन अंशांनी चुकला, अंतर मात्र जसंच्या तसं. म्हणून "अंतर बरोबर, कोन चूक" असं कुणी सांगितलं की मला उलट बरं वाटतं. निरीक्षण चांगलं झालेलं आहे, फक्त दिशा हरवली आहे, आणि ती शोधता येते.

आधी चुकलेल्या आकड्याकडे नीट बघा

चुकलेलं माप खोडू नका. किती चुकलं, यावरूनच बहुतेक वेळा कारण कळतं. त्यासाठी एखादी लांब, ठळक आणि वर्षानुवर्षं फारशी न हलणारी जोडी हाताशी ठेवा. पावसाळ्यानंतर अल्बिरिओ आहेच. उन्हाळ्यात सप्तर्षींतला वसिष्ठ घ्या: 153 अंश, 14.4 आर्कसेकंद. इथे वसिष्ठ-अरुंधती ही लग्नात दाखवतात ती जोडी अभिप्रेत नाही, ती सुमारे 12 आर्कमिनिटांची आहे. दुर्बिणीतून पाहिल्यावर वसिष्ठ स्वतःच दुहेरी दिसतो, ती जोडी.

तुमचा आकडा आणि अपेक्षित आकडा यांत बरोबर 180 अंशांचा फरक असेल, तर दोन शक्यता. जर्मन इक्वेटोरियल माऊंट (अक्ष ध्रुवाकडे रोखलेली बैठक) असेल आणि तारा मध्यमंडळ, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडल्यावर दुर्बीण पलटली असेल, तर कॅमेराही आकाशाच्या मानाने उलटा झाला. संध्याकाळी घेतलेली दिशा मध्यरात्रीनंतर चालवली की हा फरक येणारच. दुसरी शक्यता म्हणजे दोन्ही तारे सारख्याच तेजाचे आहेत आणि मुख्य कोणता, सहचर कोणता याची अदलाबदल झाली. अश्विनी नक्षत्रातल्या गॅमा एरिएटिसमध्ये हे सर्रास होतं. 7.4 आर्कसेकंदांवरचे दोन पांढरे तारे, तेजातला फरक डोळ्यांना जाणवत नाही.

मित्राला आलेला 126 हा आकडा जास्त बोलका आहे. 54 आणि 126 यांची बेरीज 180. याचा अर्थ प्रतिमा आरशातली आहे. दिशा ड्रिफ्टवरून (मोटर बंद करून ताऱ्याला वाहू द्यायचं, पुढे येतंच) घेतली असेल, तर पश्चिम बरोबर सापडते, पण उत्तर विरुद्ध बाजूला धरली जाते. मग खरा कोन आणि चुकलेला कोन यांची बेरीज 180 किंवा 540 येते. दुर्बीण ध्रुवताऱ्याकडे ढकलून उत्तर ठरवली असेल, तर ती बरोबर सापडते आणि पूर्व-पश्चिम उलटी होते. तेव्हा बेरीज 360 येते. न्यूटोनियनमध्ये दोन आरसे असतात, त्यामुळे प्रतिमा फिरलेली असते पण आरशातली नसते. श्मिट-कॅसेग्रेनला सरळ मागे कॅमेरा लावला तरी तसंच. मध्ये डायगोनल (प्रकाश बाजूला वळवणारा आरसा) आला की परावर्तनांची संख्या विषम होते आणि प्रतिमा उलटते. मोजमापाला डायगोनल काढून टाका, हा माझा आग्रह आहे.

डायगोनल नसूनही आरशाची खूण दिसली तर सॉफ्टवेअरमध्ये शोधा. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये फ्लिपची खूण चालू राहिलेली असते. शिवाय फिट्स (खगोलाच्या चित्रांचा एक प्रकार) फाईलमध्ये ओळी कुणी वरून खाली लिहितं, कुणी खालून वर. एका प्रोग्रॅमने लिहिलेली फाईल दुसऱ्यात उघडली की चित्र उभं उलटतं. हे ध्यानात येत नाही, कारण जोडतारा उलटला तरी जोडताऱ्यासारखाच दिसतो. चंद्राचा फोटो त्याच दोन प्रोग्रॅममधून नेऊन बघा, विवरांवरून उलटापालट लगेच कळते.

रात्रीतल्या सगळ्या जोड्या सारख्याच अंशांनी चुकल्या असतील, तर कॅमेरा वळलेला आहे. रात्र चढत जाते तसा फरक वाढत गेला, तर क्षेत्र, म्हणजे चित्रात दिसणारा आकाशाचा तुकडा, फिरतंय. आकाशाच्या एका भागात बरोबर आणि दुसऱ्या भागात चूक येत असेल, तर ध्रुवसंरेखन ढिलं आहे, म्हणजे माऊंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट लागलेला नाही.

उपाय: त्याच जोडीचा, त्याच वेळी ड्रिफ्ट

मोटर बंद करा आणि तारा क्षेत्रातून वाहू द्या. पृथ्वीच्या फिरण्याने तो नेमका पश्चिमेकडे सरकतो. त्याने काढलेली रेघ म्हणजे त्या क्षणी, त्या कॅमेऱ्यातली पूर्व-पश्चिम. माऊंट कसाही बसलेला असो, ध्रुव चुकलेला असो, ही रेघ खोटं बोलत नाही. म्हणून संध्याकाळी एकदा अभिजित ताऱ्यावर ड्रिफ्ट घेऊन रात्रभर तोच कोन वापरू नका. ज्या जोडीचं माप घ्यायचं तिचाच ड्रिफ्ट घ्या: आधी एक, मोजमापाचे व्हिडिओ झाल्यावर आणखी एक. दोन्हींत फरक आला तर मधल्या वेळात काहीतरी हललं आहे, आणि ते तिथल्या तिथे कळतं.

रेघ लांब हवी. 200 पिक्सेलच्या रेघेच्या टोकाला एका पिक्सेलची चूक झाली, तर दिशा 0.3 अंशांनी चुकते. 1000 पिक्सेलच्या रेघेत तीच चूक 0.06 अंशांवर येते. तारा सेन्सरच्या एका कडेला आणून सोडा आणि दुसऱ्या कडेबाहेर जाईपर्यंत रेकॉर्ड करा. फक्त सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम घेऊन रेघ मारू नका. सगळ्या फ्रेममधून रेघ बसवा, म्हणजे हवेची थरथर सरासरीत निघून जाते. फ्लोरां लॉस यांचं रिडक हे खास जोडताऱ्यांच्या मोजमापासाठी लिहिलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ड्रिफ्टवरून दिशा काढायची सोय आहे.

ज्यांच्याकडे साधी डॉबसोनियन आहे, मोटर नाही, ते स्वतःला कमी समजतात. या कामात त्यांची बाजू उलट भक्कम आहे. दुर्बीण स्थिर ठेवून जोडी क्षेत्रातून जाऊ दिली, की प्रत्येक व्हिडिओत जोडीही आहे आणि तिची दिशाही आहे. वेगळं कॅलिब्रेशन लागतच नाही. पट्टे आखलेला रेटिकल आयपीस वापरणाऱ्यांचं तत्त्वही हेच, फक्त डोळ्यांनी वाचलेला कोन एखाद्या अंशापर्यंतच भरवशाचा धरावा.

21 अक्षांशावरची एक खास अडचण

हे परदेशी मार्गदर्शनात सहसा ठळकपणे येत नाही, कारण तिकडे हा त्रास कमी असतो. गो-टू ऑल्ट-अॅझिमथ माऊंट (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी मोटरची बैठक) तारा मधोमध धरून ठेवतो, पण त्याच्याभोवतीचं क्षेत्र फिरत राहतं. फिरण्याचा वेग तासाला 15.04 अंश गुणिले अक्षांशाची कोसाईन, गुणिले दिगंशाची (उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेल्या कोनाची) कोसाईन, भागिले उंचीची कोसाईन. जळगावचा अक्षांश 21, म्हणजे पहिला गुणाकार 14 अंश होतो. 50 अक्षांशावर तो दहाच्याही आत असतो. बरोबर दक्षिणेला किंवा उत्तरेला 60 अंश उंचीवर असलेल्या ताऱ्यासाठी इथे हा वेग तासाला 28 अंश पडतो, म्हणजे दोन मिनिटांच्या व्हिडिओत जवळपास एक अंश.

त्याहून वाईट म्हणजे आपल्याला आवडणाऱ्या दोन जोड्या इथे जवळजवळ डोक्यावरून जातात. अश्विनीतली गॅमा एरिएटिस आणि सिंहेतला अल्जीबा, दोघांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) 19 ते 20 अंशांच्या दरम्यान. मध्यमंडळावर असताना ते खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, दोन अंशांच्याही आत असतात. त्या वेळी क्षेत्र मिनिटाला आठ-दहा अंश फिरतं. "अश्विनीचा कोन प्रत्येक फाईलमध्ये वेगळा" ही तक्रार डिसेंबरमध्ये येते ती यामुळे. तारा सर्वात उंच असताना मोजावं, हा नियम एरवी चांगला आहे, पण ऑल्ट-अॅझिमथवर या दोन जोड्यांसाठी तो सोडून द्या. मध्यमंडळाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर मोजा. तारा तेव्हाही 75 अंशांच्या वर असतो, हवा तितकीच चांगली असते, आणि फिरण्याचा वेग तासाला चार अंशांपर्यंत उतरलेला असतो. एका तासाच्या धीराने सगळा प्रश्न मिटतो.

इक्वेटोरियल माऊंटवाल्यांना क्षेत्र फिरण्याचा त्रास नाही, पण ध्रुवाचा आहे. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर. मार्चनंतर धूळ चढली की तो पोलर स्कोपमध्ये (माऊंटमधल्या ध्रुव साधायच्या छोट्या दुर्बिणीत) पुसट होतो. त्यात माऊंटचा अक्ष इतका खाली आणला की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला अडतो, म्हणून काही जण अक्ष जरा वरच ठेवतात. ध्रुवात एका अंशाची चूक असेल, तर वसिष्ठाच्या क्रांतीवर, म्हणजे 55 अंशांवर, कोनात पावणेदोन अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्याच जोडीचा ड्रिफ्ट घेतला तर हाही दोष आपोआप जातो. ट्रायपॉड फिरवून उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा येऊ द्या, दांड्याची अडचण संपेल.

फोकसरचा स्क्रू आणि केबल

कॅमेऱ्याचा सव्वा इंची नोजपीस एकाच स्क्रूने धरलेला असतो. खाली लोंबणारी यूएसबी केबल त्याला हळूहळू वळवते. दुर्बीण पूर्वेकडे असताना एका बाजूला, पश्चिमेकडे गेली की दुसऱ्या. केबल नळीला वेल्क्रोने बांधून टाका, आणि कॅमेरा व फोकसर दोघांवरून जाणारी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा. न्यूटोनियनची नळी रिंगमध्ये फिरवून आयपीस सोयीच्या उंचीला आणायची सवय असेल, तर मोजमापाच्या रात्री ती सोडा.

दुर्बीण गाडीत घालून तोरणमाळला किंवा पाटणादेवीला नेली असेल, तर आदल्या रात्रीच्या दिशेवर मुळीच विसंबू नका. जोडणी नवी, तर दिशाही नवी. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी 1207 साली मठाला दान दिल्याचा शिलालेख ज्या पाटणला आहे, तिथे बसून तारे मोजायची आमच्याकडच्या मुलांना मोठी ओढ आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.)

अंतरही चुकत असेल तर

मग बहुधा स्केल छापील आकड्यांवरून काढलेलं आहे. 1200 मिलिमीटरची दुर्बीण, 3.75 मायक्रॉनचे पिक्सेल, "2एक्स" बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग), म्हणून पिक्सेलला 0.322 आर्कसेकंद, असा हिशोब होतो. पण बार्लोची वाढ सेन्सर त्यापासून किती लांब आहे यावर ठरते. ती प्रत्यक्षात 2.3 पट असेल तर खरं स्केल 0.280 आहे, आणि 34.5 आर्कसेकंदांचा अल्बिरिओ तुमच्या हिशोबात 39.7 चा होतो. सगळ्या जोड्या सारख्याच प्रमाणात मोठ्या किंवा लहान येत असतील, तर दुसरं कारण शोधू नका. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये फोकस करताना मुख्य आरसाच सरकतो, त्यामुळे फोकल लेंग्थही थोडी बदलते.

स्केल त्याच ड्रिफ्टमधून काढा: 15.041 गुणिले सेकंद, गुणिले क्रांतीची कोसाईन, भागिले रेघेची पिक्सेलमधली लांबी. अल्बिरिओची क्रांती 28 अंश, म्हणजे तो सेकंदाला 13.28 आर्कसेकंद सरकतो. क्षेत्रात पुरेसे तारे असतील तर प्लेट सॉल्व्हिंग (चित्रातले तारे तक्त्यातल्या ताऱ्यांशी जुळवून दिशा आणि स्केल काढणं) आणखी चांगलं. मात्र एक ध्यानात ठेवा: ड्रिफ्टचा कोन त्या दिवसाच्या उत्तरेनुसार असतो, तर प्लेट सॉल्व्हिंगचा सहसा 2000 सालच्या उत्तरेनुसार. अयनचलनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे) वर्षाला 0.0056 अंश गुणिले विषुवांशाची (आकाशातल्या रेखांशाची) साईन, भागिले क्रांतीची कोसाईन, इतका फरक साचत जातो. बहुतेक जोड्यांत तो दशांशात राहतो, पण ध्रुवाजवळच्या जोडीत डोळ्यांत भरेल एवढा होतो.

हवेचा दोष कधी मानायचा

जवळच्या जोडीत. ताऱ्याची जागा ठरवताना 0.2 आर्कसेकंदांची चूक झाली, तर 35 आर्कसेकंदांच्या जोडीत कोन 0.3 अंशांनी हलतो, पण 5 आर्कसेकंदांच्या जोडीत 2.3 अंशांनी. म्हणून पुनर्वसूतल्या कॅस्टरच्या मापात दोन अंशांची थरथर दिसली तर घाबरू नका, जास्त फ्रेम घ्या. ही थरथर दोन्ही बाजूंना असते. एकाच बाजूला सरकलेला आकडा मात्र हवेच्या नावावर खपवू नये.

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. त्या गच्चीवर जवळच्या जोड्या मोजण्यात अर्थ नाही. मळ्यातलं खळं, खाली माती, भोवती मोकळं, ही जागा कितीतरी चांगली. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बागेला खेटून बसू नका, दव लवकर पडतं आणि श्मिट-कॅसेग्रेनच्या पुढच्या सुधारक काचेवर धुकं धरतं. बाकी तिथलं थंडीतलं आकाश मी कुठल्याही शहराच्या आकाशापेक्षा वर ठेवीन.

30 अंशांखालचे तारे टाळा. वातावरण प्रकाश रंगांत फोडतं, त्या उंचीवर निळा आणि तांबडा यांत दोनेक आर्कसेकंदांचा फरक पडतो, आणि जोडीतले तारे वेगळ्या रंगांचे असले की मापच सरकतं. तांबडा फिल्टर लावल्याने बरंच सावरतं. अल्फा सेंटॉरी इथून दिसतो, पण जेमतेम आठ अंशांवर. बघावा जरूर, कारण तो दुहेरी असल्याचं 1689 च्या डिसेंबरात झाँ रिशो या जेझुइट पाद्रीने पुद्दुचेरीहून पाहिलं होतं, पण त्याचं माप इथून घेऊ नये.

एक्स्पोजर कमी ठेवा. मुख्य तारा पांढराफटक जळाला की त्याचा मध्य सॉफ्टवेअरला नीट सापडत नाही. ठळक जोड्यांना 10 ते 30 मिलिसेकंद पुरतात.

ताराच सरकला असेल तर

हे सगळं तपासूनही तुमचे आकडे आपसांत जुळतात आणि फक्त छापील आकड्याशी जुळत नाहीत, तर तो छापील आकडा कोणत्या सालचा आहे ते बघा. कन्येतला पोरिमा 169 वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. 2005 मध्ये दोन्ही तारे इतके जवळ आले होते की लहान दुर्बिणींत एकच दिसत. त्या सुमारास कोन वर्षाला कितीतरी अंशांनी बदलत होता. आता ते तीन आर्कसेकंदांहून जास्त लांब गेले आहेत आणि सहा इंची दुर्बिणीत सहज सुटतात. जुन्या तक्त्यातला आकडा धरून बसलात तर बरोबर माप चूक ठरवाल. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या वॉशिंग्टन डबल स्टार कॅटलॉगमध्ये दीड लाखाहून जास्त जोड्या आहेत आणि प्रत्येकीपुढे पहिल्या आणि शेवटच्या मापाचं साल दिलेलं आहे. कित्येक जोड्यांचं शेवटचं माप बरंच जुनं आहे. मोठ्या वेधशाळांना तिकडे वळायला वेळ नसतो. चोपड्याच्या खळ्यावरून घेतलेलं, दिशा नीट बांधलेलं माप तिथे खरंच कामाचं आहे.

इतकं करूनही कोडं सुटलं नाही तर मला नुसता आकडा पाठवू नका. जोडीचं नाव, तारीख, भारतीय प्रमाणवेळ, माऊंटचा प्रकार, डायगोनल होता की नाही, आणि मोजमापाआधीचा व नंतरचा असे दोन्ही ड्रिफ्टचे कच्चे व्हिडिओ पाठवा. फ्रेम निवडलेल्या किंवा स्टॅक केलेल्या नकोत, कॅमेऱ्यातून आल्या तशाच हव्यात.